मी खाल्लेला मांगूर

मे महिन्यात लोक दापोलीला येतात. दापोलीचं माणूस मे महिन्यात उठून गोंदियाला जात नाही. त्यामुळे मी गोंदियाचं तिकीट काढल्याचं कळताच शेजारच्या काकूंनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "कोणी गेलं का हो तिकडे?" कोणी गेलं नव्हतं. सायलीचा फोन आला होता, एवढंच.

सायली माझी विद्यार्थिनी. मी तेहेतीस वर्षं हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं आणि बेडूक हातात धरायला न घाबरणाऱ्या मुली मला एकूण तीन मिळाल्या. त्यांतली ही एक. सध्या ती गोंदियाजवळच्या तलावांमधल्या माशांचा अभ्यास करते. अभ्यास म्हणजे प्रयोगशाळेत बसून नव्हे. तिथल्या ढिवर समाजाच्या बायका आणि ती मिळून पाण्यात उतरतात, मासे पकडतात, ओळखतात, मोजतात, वहीत लिहितात आणि बरेचसे परत सोडून देतात. पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणाऱ्यांना जे ठाऊक आहे ते आणि पुस्तकातलं, दोन्ही एका वहीत आणायचं असा त्यांचा बेत. "बाई, आठ दिवस या. वही लिहायला माणूस कमी पडतंय आणि तुमचं अक्षर चांगलं आहे," असं ती म्हणाली. निवृत्त माणसाला कोणी कामाला बोलावलं की त्याला किती बरं वाटतं, हे निवृत्त झाल्याशिवाय कळायचं नाही. मी चार सुती साड्या आणि आमसुलांची पिशवी बांधली आणि निघाले.

कुडवा

सायली गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात भाड्याच्या खोलीत राहते. स्टेशनपासून तिथपर्यंत मी रिक्षावाल्याशी निष्ठेनं मराठीत बोलले आणि तो तितक्याच निष्ठेनं हिंदीत उत्तरं देत राहिला. "मौसीजी, गर्मी में कायको आए?" असं त्यानं उतरताना विचारलं. मी म्हटलं, मासे मोजायला. त्यानं पैसे घेतले आणि आणखी काही विचारलं नाही.

उन्हाविषयी मला तक्रार करायची होती, पण ते इतकं मनापासून तापतं की तक्रार करायलाही बाहेर उभं राहवत नाही. आमच्याकडे घाम येतो आणि माणूस चिडतो. इथे घाम येण्याच्या आधीच वाळतो आणि माणूस गप्प होतो. सायलीच्या खोलीत खिडकीएवढा कूलर होता. त्याच्यापुढे बसून आम्ही पन्हं प्यालो आणि मी, खोटं कशाला सांगू, परतीच्या गाडीच्या वेळा मनात घोळवत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिच्या दुचाकीवरून निघालो. बिरसीच्या बाजूनं जाताना डोक्यावरून एक छोटं विमान घरघरत गेलं, मग वळून पुन्हा आलं. तिथे विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे. खाली कापणी झालेल्या उन्हाळी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, आणि त्यातल्या एकीत सारसांची जोडी. माझ्या खांद्याएवढे उंच, लाल मानेचे पक्षी. ते विमानाकडे ढुंकूनही पाहत नव्हते. "यांना पण मोजायचं?" मी उत्साहानं विचारलं. "त्यांची मोजणी वेगळी, माणसं वेगळी. आपण पाण्यातलं बघायचं," सायली म्हणाली. शाळेत हीच मुलगी सांगितलेल्या कामाच्या पलीकडचं करून मला छळायची.

बोडीवर

बोडी म्हणजे लहान तलाव. पावसाचं पाणी अडवायला जुन्या लोकांनी बांधलेला, एका बाजूला मातीची पार, म्हणजे बांध, आणि तिन्हीकडे शेतं. गावात एक मोठा तलाव आहे आणि ही एक बोडी. दोन्हींत मासेमारीचा हक्क गावच्या ढिवरांच्या सोसायटीचा.

पारेवर इंदूबाई उभ्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, साडीचा काचा मारलेला, कमरेला बांबूची टोपली. मी नमस्कार केला तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पान्यात उतरान का पारीवर बसान?" मी म्हटलं, उतरेन की. "मंग चप्पल काढा जी. चप्पल घालून का चिखल समजते?" ही आमची ओळख. पुढे मी हे लिहिणार आहे असं कळल्यावर त्यांनीच बजावलं, "गावाचं नाव नोका लिहू. सारे खायले येतीन." म्हणून नाव लिहीत नाही.

या बोडीची गोष्ट सायलीनं मला आधी सांगितली होती, पण ती खरी कळली इंदूबाईंच्या तोंडून. पूर्वी तिच्यात नाना तऱ्हेचे गावठी मासे होते. मग सगळीकडे रोहू, कतल्याचं विकतचं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, टाकायला लागले, त्याच्याबरोबर गवत खाणारा मासा आला, त्यानं पाण्यातल्या वनस्पती फस्त केल्या आणि उरलेल्या जागेत काठानं बेशरम माजलं. बेशरम ही झुडपासारखी वेल. नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा नमस्कार. कितीही तोडा, ती पुन्हा हसत उभी. वनस्पती गेल्या तसे गावठी मासेही गेले, कारण त्यांना अंडी घालायला आणि लपायला जागाच उरली नाही.

तीन वर्षांपूर्वी इंदूबाईंनी गावातल्या बायका गोळा केल्या, बेशरम मुळासकट उपटलं आणि दुसऱ्या गावच्या तलावांतून देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानभात, कमळं आणि आणखी कसकसल्या पाणवनस्पती डोक्यावरून आणून हातानं लावल्या. त्यासाठी सोसायटीच्या सभेत त्यांनी तीन वर्षं मागून घेतली होती. तीन वर्षं बोडीत विकतचं बीज टाकायचं नाही. आणि बोलता बोलता भर सभेत म्हणून गेल्या, "तीन वर्सात गावठी मांगूर वापस आला नाई, तर टाका तुमचं बीज!"

"मांगूरच का?" मी विचारलं.

"आमची माय हातानं काढे. बारंतीनीले त्याचाच रस्सा देत. आता बजारात भेटते तो थाई मांगूर, बंदीवाला. तो आमचा नोहे."

तीन वर्षं या महिन्यात संपत होती. बाकीचे गावठी मासे हळूहळू परतले होते. वहीची पानं त्यांनी भरली होती. मी स्वतः दोन दिवस लिहिलं त्यातच अकरा तऱ्हा झाल्या. पण पैज मांगुराची होती आणि मांगूर काही दिसला नव्हता. शनिवारी सभा होती. सोसायटीचे अध्यक्ष दसारामजी बीज टाकायच्या बाजूचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पारेवरच. सत्तरीचे, ताठ, खांद्यावर दुपट्टा. ते वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते म्हणाले, "मॅडम, बीज टाकलं का मच्छी होतेच. हे इंदू म्हनते आपल्या मनानं येईन. आपल्या मनानं येनाऱ्याची वाट पाहून चालीस घरं जेवतीन काय?" मी वहीचं पान उलटलं.

"येईन, काकाजी," इंदूबाई पाण्यातून ओरडल्या.

"पाहून राहिलो न मी, तीन वर्सांपासून," ते म्हणाले आणि निघून गेले.

काम मजेचं होतं. टोंगळ्याइतक्या, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या, पाण्यात बायका ओळीनं वाकून चालत आणि दोन्ही हात चिखलावरून फिरवत. हाताला मासा लागला की वर काढायच्या आधीच त्याचं नाव सांगत. मी वर आलेल्या माशाचं लॅटिन नाव सांगून थोडा रुबाब करायचा प्रयत्न केला. एका माशाला मी दुसऱ्याच कुळात घातलं तेव्हा इंदूबाईंना लॅटिन न कळताही ते कळलं. "मॅडम, याले मिश्या आहेत, पाहा तं," त्या म्हणाल्या. मी चष्मा पुसून वहीत दुरुस्ती केली.

तेव्हापासून मी इंदूबाईंच्याच घरी राहिले. रोज उन्हात दुचाकीवर हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा ते बरं. त्यांचे यजमान केशोराव हा अबोल गृहस्थ. बायको पहाटेच पाण्यावर जाते म्हणून स्वयंपाक तेच करतात आणि त्याबद्दल त्यांना किंवा कोणालाच काही विशेष वाटत नाही. आमच्याकडे पुरुषानं चहा केला तर तो चार घरी सांगितला जातो. केशोरावांना मी आमसुलं दिली तेव्हा त्यांनी एक तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि "चालते" एवढंच म्हणाले.

शुक्रवारची न्याहारी

त्या दिवशी मला उशिरा जाग आली. घरात कोणी नव्हतं, फक्त केशोराव चुलीपुढे. अंगणात खाटेवर बसले तेवढ्यात त्यांनी माझ्यापुढे ताट आणून ठेवलं. सकाळी आठ वाजता भात आणि मासळीचा रस्सा! इथे भात कुठल्याही वेळी चालतो, हे एव्हाना मला माहीत झालं होतं.

आता मला एक कबुली द्यायची आहे. मी समुद्राकाठची. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास येतो, हे मी आयुष्यभर न खाताच सांगत आले. गेले तीन दिवस मी केशोरावांचं जेवण चांगलं म्हणत होते, पण ते पाहुणीनं म्हणावं तसं. हा रस्सा मात्र मी एक घास घेतला आणि बोलायचं थांबले. जवसाच्या तेलाचा वास, लसूण, आंबटपणा ओळखीचा. "तुमचेच आमसुलं टाकले," केशोराव म्हणाले. तुकडे घट्ट, थोडे पिवळसर, आणि मातीचा वास म्हणाल तर शपथेला नाही. काट्यांची भीती वाटत होती तीही फुकट गेली.

"याला काटे कसे नाहीत हो?"

"मधात एकच राह्यते. खा तुमी. पहिली मच्छी पाव्हन्याची. आमच्यात तसंच आहे जी."

मी दुसऱ्यांदा घेतलं. बोटं चाटली. केशोरावांनी आग्रह केला म्हणून डोक्याचा तुकडाही घेतला आणि तोही चोखून बाजूला ठेवला. केशोरावांनी हाडं-काटे उचलून नेले आणि रिकामं ताट माझ्यापुढे राहिलं. फार सुखात होते मी.

तेवढ्यात सायलीची दुचाकी अंगणात आली आणि मागोमाग इंदूबाई, जवळजवळ पळत. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी आधी पाहिलं नव्हतं. "ताई, ये ये, लवकर ये!" म्हणत त्या सायलीला हाताला धरून ओसरीत घेऊन गेल्या. मग आतून आवाज आला, "अवो, गंजातली मच्छी कोठी आहे?"

केशोरावांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. सायलीनं पाहिलं. शेवटी मीही पाहिलं.

झालं होतं असं. इंदूबाई पहाटे एकट्याच बोडीवर गेल्या होत्या आणि काठाच्या बिळात त्यांच्या हाताला मांगूर लागला. गावठी. मांगूर थोड्याशा पाण्यातही जगतो, म्हणून त्यांनी तो घरी आणून पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, झाकून ठेवला, की सायली आली की मोजेल, फोटो काढेल, वहीत घालेल. फोन चार्जिंगला होता. आणि फोटो तर सायलीच मोजपट्टी लावून काढते, मग आपण कशाला? या आनंदात त्या बाकीच्या बायकांना सांगायला शेतावर गेल्या, पण नवऱ्याला सांगायचं राहिलं. नवऱ्यानं पाहिलं, घरात पाहुणी आहे आणि गंजात मासा आहे. त्यांच्या रीतीप्रमाणे यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

"मले काय मालूम?" केशोराव म्हणाले. "पाव्हनी घरात, मच्छी घरात. मी काय हिले चटनी-भात वाढू?"

इंदूबाई पायरीवर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं. 

सायली माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, डोकं पाहिलंत ना? मागून हाड कसं होतं? गावठी मांगुराचं टोकदार असतं, थाई मांगुराचं वेगळं दिसतं."

"मी रस्सा पाहत होते गं," मी म्हटलं.

"बाई, मत्स्यवर्ग तुम्हीच शिकवलात ना आम्हाला?"

 दोघी मिळून आम्ही उकिरड्यावर गेलो, कारण केशोरावांनी ताटातलं उष्टं तोवर तिकडे टाकलं होतं. कोंबड्या आणि एक मांजर आमच्या आधी पोचली होती. सायलीला दोन मणके आणि कल्ल्याजवळच्या पराचा एक काटा सापडला. ते तळहातावर घेऊन ती म्हणाली, "यावरून नक्की काही सांगता येत नाही." मला तिथेच रडू आलं. एका बाईची तीन वर्षं मी भाताबरोबर कालवून खाल्ली होती आणि वर दुसऱ्यांदा मागून घेतली होती.

शनिवारची सभा

शुक्रवारचा उरलेला दिवस आणि शनिवारची सकाळ आम्ही बोडीत घालवली. मांगूर मिळाला नाही. संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या शेडमध्ये सभा भरली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मी आणि सायली मध्ये खुर्च्यांवर. मला खाली बसायचं होतं, पण पाहुण्यांना खुर्ची. त्या गावात पाहुणी असल्याचं मला एव्हाना ओझं व्हायला लागलं होतं.

इंदूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मांगूर भेटला. गावठी. माह्या हातानं काढला."

"कोठी आहे?" दसारामजींनी विचारलं.

"मॅडमनं खाल्ला."

शेड हसून फुटली. पुरुषांच्या बाजूला एक जण तर हसता हसता आडवा झाला. इंदूबाई हसल्या नाहीत, तेव्हा मीच उठले. तेहेतीस वर्षं मी मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या; त्या दिवशी पहिल्यांदा दिली.

"मी खाल्ला," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं. पण खाल्ला हे खरं आहे."

दसारामजींनी दुपट्टा सारखा केला. "कसा लागला?"

"मातीचा वास नव्हता."

"चरबट?"

"नाही. घट्ट होता. तुकडा बोटानं मोडला की सरळ मोडत होता."

"रंग?"

"पिवळसर. कडेला जास्त."

"खाल्ल्यावर पोटात भारी वाटलं काय?"

मी विचार करून खरं सांगितलं, "दोनदा घेतला तरी नाही. दुपारी पुन्हा भूक लागली. लाज वाटली, पण लागली."

या वेळी कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून एक आजोबा म्हणाले, "तोच आहे. थाईवाला तं दिवसभर घशाशी येते." सायली माझ्याकडे पाहत होती. तिच्या वहीत चव हा रकाना नाही, पण मला वाटतं त्या क्षणी तिलाही तो असावा असं वाटलं असेल.

दसारामजींनी आजोबांकडे पाहून मान हलवली. मग म्हणाले, "मॅडम खोटं नाई बोलून राहिली. पन खाल्लेला मांगूर वहीत कसा लिहान? मी आज हाव म्हनलं, तर उद्या कोनी म्हनन, अध्यक्षानं तोंड पाहून फैसला केला." त्यांनी इंदूबाईंकडे पाहिलं. "उद्या सकाळी सारे उतरा. मानसंबी, बायाबी. ऊन डोक्यावर येवोस्तोर. भेटला तं बोडी तुही. नाई भेटला तं बीज."

"जाल नाई टाकायचं," इंदूबाई म्हणाल्या. "जाल टाकलं तं लावलेलं सारं उपटन."

"हातानंच," दसारामजी म्हणाले.

रविवार

सकाळी सहाला बोडीवर जत्रा होती. चाळीस घरांतलं निदान एकेक माणूस आलं होतं, काही घरांतली सगळी. आम्ही सगळे ओळीनं वाकून पाण्यात उतरलो. मीही काचा मारला होता. माझ्या हातांना अजून चिखलातलं काही कळत नव्हतं, पण काठावर वही घेऊन बसणं मला शक्यच नव्हतं. सात वाजले, आठ वाजले. डोक्यावरून शिकाऊ विमानं फेऱ्या मारत होती. मासे हाताला लागत होते, नावं पुकारली जात होती, सोडले जात होते. मरळ निघाला, शिंगी निघाला, झिंगे निघाले. मांगूर नाही.

दसारामजी पारेवर उकिडवे बसले होते. आपण उतरणार नाही, अध्यक्षानं दोन्ही बाजूंना सारखं असावं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण गप्प बसणं त्यांना जमेना. "अबे, तिकडे उघड्यावर काय चाचपून राहिला? तेथी तो बसन काय?" "ओ बाई, हात असा नाई, उलटा घाल, उलटा!" "काऊन घाई करता बे? पानी गढूल करून ठेवलं सारं!" नऊ वाजले. त्यांचा आवाज चढत गेला. आम्ही सगळे चुकीच्या जागी चुकीच्या पद्धतीनं शोधतो आहोत हे त्यांना सहन होत नव्हतं. इंदूबाई माझ्या पुढे होत्या. त्या नुसता हात फिरवत होत्या, तीच जागा पुन्हा पुन्हा.

दहाच्या सुमाराला दसारामजी उठले, दुपट्टा डोक्याला बांधला, पँट वर दुमडली आणि "एकालेबी येत नाई" म्हणत पाण्यात उतरले. सरळ चालत गेले ते पूर्वेच्या काठाला, जिथे देवधान दाट लागलं होतं. तिथे वाकले, उजवा हात काठाच्या मातीत कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. गाल पाण्याला टेकला. डोळे मिटलेले. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो.

एकदम ते "आई!" म्हणून ओरडले. पण हात बाहेर काढला नाही. दात आवळून तसेच राहिले, आणि मग हळूहळू हात बाहेर आला. तळहातातून रक्त येत होतं आणि मुठीत, कल्ल्यांजवळचे दोन्ही टोकदार काटे बोटांमध्ये नीट अडकवलेला, काळपट पिवळा, मिशाळ, हातभर नाही पण वीतभर लांब मांगूर वळवळत होता. मी दोन दिवसांपूर्वी ज्याला रश्श्यात पाहिलं होतं तो असा दिसतो तर.

सायली पाण्यातून अक्षरशः धडपडत गेली. डोकं पाहिलं, मागचं हाड पाहिलं, मोजपट्टी लावली, फोटो काढले, एक नाही दहा. "गावठी आहे," ती म्हणाली.

"मले का सांगते?" दसारामजी म्हणाले. "हाताले लागला तवाच समजलं. बारा-तेरा वर्सांनी डसला." त्यांनी वाकून तो होता त्याच बिळापाशी पाण्यात सोडला. बायकांनी त्यांचा हात धुतला, कोणीतरी फडकं बांधलं. हात फुगायला लागला होता आणि दुखत असणार भयंकर, पण ते फडक्याकडे पाहून हसत होते.

मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या दुसऱ्या टोकाला, कमळांच्या पलीकडे, तशाच वाकलेल्या उभ्या होत्या. जिंकल्या होत्या, पण हलल्या नव्हत्या. बायका त्यांना हाका मारत होत्या. मीही मारली.

दसारामजी पाण्यातून चालत त्यांच्यापर्यंत गेले. वाटेत थांबून त्यांनी देवधानाचा एक बुंधा हातानं दाबून पाहिला. "हे कोठून आनलं होतंस?"

"पल्याडच्या गावच्या तलावातून. डोक्यावर," इंदूबाई म्हणाल्या.

"मोठ्या तलावात लागन काय?"

इंदूबाईंना प्रश्न कळला नाही असं मला वाटलं. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बोडीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"विचारून राहिलो, मोठ्या तलावात लागन काय? पूर्वेच्या काठाले. तेथी बीज नाई टाकत यंदा. पोट्ट्यायले सांगतो, बेशरम काढून ठेवतीन."

"लागन, काकाजी," इंदूबाई म्हणाल्या.

"मंग काऊन उभी राहिलीस? ऊन चढून राहिलं. उपड."

इंदूबाई वाकल्या आणि त्यांनी देवधानाचा पहिला गड्डा मुळांच्या मातीसकट उपटून टोपलीत ठेवला. मग दुसरा. माझी गाडी दुपारची होती. ती मी सोडली आणि त्यांच्या शेजारी जाऊन टोपली धरली. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात चिखलानं भरलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी पदरानं पुसलं.

"तीन वर्सं झाले, या मानसाशी भांडून राहिली होती मी," त्या मला म्हणाल्या. "आता कोनाशी भांडू, सांगा तं बाई."